पुढे माणूस, मागे यंत्र

२०२५ च्या मध्यास ॲमेझॉन कंपनीने आपल्या गोदामांत दहा लाखावा यंत्रमानव कामाला लागल्याचे जाहीर केले. त्यानंतर पाच महिन्यांनी, १४ डिसेंबरला, घरातली जमीन झाडणारा ‘रूम्बा’ जगभर पोहोचवणाऱ्या आयरोबोट या अमेरिकी कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. ही कंपनी आता तिला यंत्रे बनवून देणाऱ्या चिनी पुरवठादाराच्या हाती जाणार, हेही त्याच वेळी स्पष्ट झाले. एकीकडे यंत्रमानवांची संख्या वाढते आहे आणि त्यांचे सुटे भाग स्वस्त होत आहेत. दुसरीकडे, ते बनवणारी ३५ वर्षांची नावाजलेली कंपनीही टिकेल याची खात्री राहिलेली नाही. या दोन बातम्या एकत्र वाचल्या की आपल्या रुग्णालयांच्या, गोदामांच्या आणि कारखान्यांच्या कामाचा एक प्रश्न पुढे येतो. माणसाच्या मागे ओझे घेऊन चालणारे साधे यंत्र आपल्याला परवडेल का? आणि घेतलेच, तर त्याचा फायदा नेमका कोणाच्या शरीराला होईल?

हे यंत्र सिनेमातल्या यंत्रमानवासारखे दिसत नाही. त्याला हात नाहीत, चेहरा नाही. चाकांवर बसवलेली पेटी किंवा ट्रॉली, आत बॅटरी आणि मोटर, पुढच्या बाजूला कॅमेरा किंवा अंतर मोजणारा सेन्सर, एवढाच त्याचा पसारा. काम एकच: ठरलेल्या माणसापासून ठरावीक अंतर राखून त्याच्या मागे जायचे, तो थांबला की थांबायचे, मध्ये काही आले तर वळसा घालायचा. छताखालची सपाट फरशी हे त्याचे क्षेत्र. खड्डे, पाऊस आणि भर उन्हाचा प्रकाश त्याच्या डोळ्यांना आणि चाकांना झेपत नाही. म्हणून त्याचा विचार रुग्णालय, गोदाम, कारखाना, विमानतळ अशा बंदिस्त जागांपुरताच होतो.

ओझे आणि पाठ

जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार २०२० मध्ये जगातील ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती. २०५० पर्यंत हा आकडा ८४ कोटी ३० लाखांवर जाईल, असा अंदाज आहे. माणसाला कामासाठी अक्षम करणाऱ्या कारणांत कंबरदुखी जगात पहिल्या क्रमांकावर आहे. वय, वजन, धूम्रपान अशी तिची कारणे अनेक असली, तरी वाकून, वळून ओझे उचलणे हे त्यातले टाळता येण्याजोगे कारण आहे.

त्यामागचे गणित तरफेचे आहे. पाठीचे स्नायू कण्यापासून अवघ्या काही सेंटिमीटर अंतरावर असतात. हातातली वस्तू त्याच्या कितीतरी पट लांब असते. त्यामुळे वस्तू जितकी शरीरापासून दूर, तितका स्नायूंना जोर अधिक लावावा लागतो आणि खालच्या मणक्यांमधील चकत्यांवर येणारा दाब वस्तूच्या वजनाच्या अनेक पट होतो. अमेरिकेतील ‘नायॉश’ या व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या सूत्रात सगळी परिस्थिती आदर्श असताना उचलायचे कमाल वजन २३ किलो धरलेले आहे. वाकावे लागले, वळावे लागले, पुन्हा पुन्हा उचलावे लागले की ही मर्यादा खाली येते. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९६७ च्या शिफारशीत प्रौढ पुरुषासाठी कमाल मर्यादा ५५ किलो आहे. पहिला आकडा पाठीला काय सोसते ते सांगतो, दुसरा जास्तीत जास्त कुठपर्यंत जाऊ द्यायचे ते. या दोहोंमधल्या ३२ किलोंत कित्येकांच्या पाठी कायमच्या दुखावतात.

रुग्णालयातले ओझे बाहेरच्यांना सहसा दिसत नाही. सलाईनच्या ५०० मिलिलीटरच्या २४ बाटल्यांचे खोके १२ किलोंहून जड असते. ज्याला सगळे जम्बो म्हणतात तो ऑक्सिजनचा मोठा सिलिंडर रिकामा असतानाही ५० किलोंहून अधिक भरतो. धोबीखान्यात जाणारी चादरींची गाठोडी, जेवणाचे डबे, निर्जंतुक केलेल्या अवजारांचे ड्रम, औषधभांडारातून येणारा महिन्याचा साठा, हे सगळे रोज कोणीतरी हलवत असते. कक्षसेवक, मावशी, सफाई कामगार आणि मनुष्यबळ कमी पडले की परिचारिका. सरकारी रुग्णालयात या यादीत आणखी एक नाव असते, ते म्हणजे रुग्णाच्या नातेवाइकाचे. चतुर्थ श्रेणीची पदे रिकामी राहिली की स्ट्रेचर ढकलण्यापासून रक्ताची पिशवी आणण्यापर्यंतची कामे त्याच्याकडे येतात.

ओझे हा विषय महाराष्ट्राला नवा नाही. १९६९ चा माथाडी कायदा करून या राज्याने डोक्यावर, पाठीवर ओझे वाहणाऱ्यांची नोंदणी, मजुरी आणि भविष्यनिर्वाह निधी यांची व्यवस्था लावली. कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ३४ ने इजा होईल इतके ओझे कोणाला उचलायला लावू नये, हे तत्त्व घालून दिले होते. त्या कायद्याची जागा २१ नोव्हेंबर २०२५ पासून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थितीविषयक संहितेने घेतली आहे. कायद्याने ओझ्याला मर्यादा घातली आणि मोल मिळवून दिले. ते माणसाच्या अंगावरून उतरवण्याचे काम अवजारांचे.

यंत्र मागे कसे येते?

२०१० मध्ये मायक्रोसॉफ्टने व्हिडिओ गेमसाठी ‘किनेक्ट’ नावाचा सुमारे १५० डॉलरचा कॅमेरा बाजारात आणला. चित्रातल्या प्रत्येक बिंदूचे अंतरही त्याला कळत असे. कॅलिफोर्नियातील ‘विलो गॅरेज’ या संस्थेत मेलोनी वाइज आणि टली फूट यांनी हा कॅमेरा आयरोबोटच्याच झाडूयंत्राच्या धर्तीवरील चाकांच्या सांगाड्यावर बसवला आणि ‘टर्टलबॉट’ तयार झाला. त्यावरचा मागे चालण्याचा कार्यक्रम अगदी सोपा होता. समोरच्या ठरावीक चौकटीत दिसणाऱ्या बिंदूंचा मध्य काढायचा. मध्य लांब गेला तर पुढे जायचे, जवळ आला तर मागे सरकायचे, बाजूला झाला तर वळायचे. जगभरातील विद्यार्थी हा खेळ शिकले. मात्र या यंत्राला माणूस ठाऊकच नव्हता. समोर खुर्ची आली तर ते खुर्चीलाच चिकटून राही.

खऱ्या कामाच्या जागी ‘कोणाच्या मागे जायचे’ हाच अवघड प्रश्न असतो. त्याची तीन प्रकारची उत्तरे आज वापरात आहेत. पहिले उत्तर पायांचे. लायडार नावाचा सेन्सर लेझरचा किरण गोल फिरवून आजूबाजूचे अंतर मोजतो. नडगीच्या उंचीवर तो बसवला की माणसाचे दोन पाय त्याला दोन लहान कमानींसारखे दिसतात. पँट घातलेल्या माणसासाठी ही युक्ती चालते. साडी नेसलेल्या मावशींचे दोन पाय त्याला वेगळे दिसणार नाहीत, एकच रुंद वक्र दिसेल. काचेच्या दारातून हा किरण आरपार जातो, तेव्हा दार त्याच्या लेखी नसतेच.

दुसरे उत्तर कॅमेऱ्याचे. संगणकाला हजारो चित्रे दाखवून माणूस ओळखायला शिकवले जाते आणि कपड्यांचा रंग, अंगाची ठेवण यांवरून ‘आपला माणूस’ लक्षात ठेवायला लावले जाते. पण रुग्णालयात गणवेश एकसारखे असतात. पांढऱ्या ॲप्रनमधल्या दहा जणांत आपला कोण, हे ठरवताना यंत्र चुकू शकते.

तिसरे उत्तर रेडिओचे. पुढे चालणाऱ्याच्या खिशात छोटा टॅग असतो. यंत्रावरचे अँटेना त्याच्याशी संदेशांची देवाणघेवाण करतात आणि संदेशाला लागलेल्या वेळेवरून अंतर मोजतात. ‘अल्ट्रा वाइडबँड’ या तंत्रात ही चूक साधारण दहा सेंटिमीटरच्या आसपास राहते. २०१९ च्या आयफोनपासून हेच तंत्र मोबाइलमध्येही आले. गर्दीत, अंधारात, कोणत्याही पोशाखात हा टॅग ओळखू येतो. त्याची अडचण एवढीच, की मानवी शरीरात पाणी भरपूर असल्याने ते या लहरी अडवते. टॅग पोटाशी असेल आणि यंत्र पाठीमागे, तर मोजमाप बिघडते. म्हणून टॅग कमरेला मागच्या बाजूने किंवा खांद्यावर लावावा लागतो. भरवशाच्या यंत्रात यांतली दोन तरी उत्तरे एकत्र वापरावी लागतात.

स्वस्ताई कुठून आली?

२००७ मध्ये अमेरिकेत झालेल्या चालकविरहित मोटारींच्या स्पर्धेत वापरलेल्या लायडारची किंमत सुमारे ७५ हजार डॉलर होती. त्याची सर त्यांना येणार नाही, पण खोलीतल्या खोलीत एका पातळीवर अंतर मोजणारे छोटे लायडार आज शंभर डॉलरच्या घरात मिळतात. २०१२ मध्ये आलेला ‘रास्पबेरी पाय’ हा खिशात मावणारा संगणक ३५ डॉलरचा होता. यंत्रमानव चालवण्यासाठीची ‘रॉस’ ही प्रणाली फुकट आहे. डोळे आणि मेंदू असे स्वस्त झाले. पैसा लागतो तो हातापायांना: मोटर, गिअर, चाके, ब्रेक, बॅटरी आणि सुरक्षेसाठी प्रमाणित सेन्सर. शिकाऊ प्रयोगातला सेन्सर आणि माणसांच्या गर्दीत वापरायला प्रमाणित केलेला सेन्सर यांच्या किमतीत कित्येक पटींचा फरक असतो.

याचे बोलके उदाहरण म्हणजे ‘गीता’. आपल्या बारामतीत तीनचाकी बनवणाऱ्या पिआजिओ समूहाच्या बोस्टनमधील उपकंपनीने नोव्हेंबर २०१९ मध्ये माणसाच्या मागे चालणारे हे दोन चाकांचे यंत्र विक्रीला काढले. किंमत ३,२५० डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने साधारण २ लाख ३० हजार रुपये. वाहण्याची क्षमता सुमारे १८ किलो. बाजारहाटाच्या पिशवीसाठी ठीक, पण सलाईनची दोन खोकी त्यात मावली नसती. रुग्णालयासाठी स्वस्त म्हणजे केवळ कमी किमतीचे नव्हे. एक किलो ओझे एक दिवस वाहायला किती खर्च येतो, हे तिथे पाहावे लागते.

यंत्र माणसाच्या मागे चालते, यातही मोठी बचत आहे. एकट्याने फिरणारे यंत्रमानव रुग्णालयांत जुने आहेत. जोसेफ एंगेलबर्गर यांच्या कंपनीचा ‘हेल्पमेट’ १९८८ मध्ये अमेरिकेतील डॅनबरी रुग्णालयात जेवणाचे ट्रे पोहोचवू लागला. २०१५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत सुरू झालेल्या विद्यापीठ रुग्णालयात ‘टग’ नावाचे २५ यंत्रमानव औषधे, कपडे आणि जेवण घेऊन फिरत होते. पण अशा यंत्राला इमारतीचा नकाशा लागतो, लिफ्टशी आणि आपोआप उघडणाऱ्या दारांशी जोडणी लागते. ते रुग्णालय नवे बांधले तेव्हाच यंत्रांचा विचार झाला होता. आपल्या जुन्या सरकारी रुग्णालयांत वॉर्ड एका इमारतीत, रक्तपेढी दुसऱ्या, क्ष-किरण विभाग तिसऱ्या, मध्ये उतार, उंबरे आणि लोखंडी दाराची लिफ्ट. तिथे मागे चालणाऱ्या यंत्राला यातले काही लागत नाही. दार माणूस उघडतो, लिफ्ट माणूस बोलावतो, ‘जरा बाजूला व्हा’ हे माणूसच म्हणतो. यंत्राची अर्धी बुद्धी पुढे चालणाऱ्याकडून उसनी मिळते, म्हणून ते स्वस्त होते.

वाचते काय, पाय की पाठ?

या उसनवारीची दुसरी बाजूही आहे. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अमेरिकेतील ३६ रुग्णालयांतील परिचारिकांच्या वेळेची आणि हालचालींची नोंद घेणाऱ्या अभ्यासात दहा तासांच्या दिवसपाळीत त्या साधारण ४ ते साडेपाच किलोमीटर चालतात, असे आढळले. कामाच्या वेळेतील ३५.३ टक्के वेळ नोंदी लिहिण्यात जात होता आणि प्रत्यक्ष रुग्णसेवेला १९.३ टक्के उरत होता. मागे येणाऱ्या यंत्राने यातले एक पाऊलही कमी होत नाही, कारण परिचारिका पुढे गेली तरच यंत्र जाते. नोंदींचा ढीगही तसाच राहतो. ‘परिचारिकांचा वेळ वाचवणारा यंत्रमानव’ अशी जाहिरात दिसली तर आधी विचारावे, की तो मागे चालतो की एकटा जातो. मागे चालत असेल, तर तो वेळ वाचवत नाही. तो पाठ, खांदे आणि मनगटे वाचवतो. हाही फायदा मोठा आहे, पण त्याचा हिशेब वेगळा मांडावा लागतो.

त्यावरून त्याची जागाही ठरते. जिथे माणसाला स्वतः जावेच लागते आणि सोबत वजन न्यावे लागते, तिथे हे यंत्र कामाचे. वॉर्डातली औषधांची फेरी, ड्रेसिंगची फेरी, खाटाखाटांवर स्वच्छ चादरींचे वाटप, भांडारातून माल गोळा करणे, गोदामात फळ्यांवरून वस्तू वेचणे ही अशी कामे. रक्ताचा नमुना प्रयोगशाळेत पोहोचवायला मात्र माणसाने जायची गरज नसते. तिथे मागे चालणारे यंत्र घेणे म्हणजे पोस्टमनच्या सोबतीला आणखी एक पोस्टमन देणे.

या यंत्राची तुलना कशाशी करायची, हाही प्रश्न आहे. ती रिकाम्या हाताशी करून चालणार नाही, चांगल्या ट्रॉलीशी करायला हवी. सपाट, गुळगुळीत फरशीवर मोठ्या व्यासाची, बेअरिंग नीट असलेली चाके असतील, तर शंभर किलोंची ट्रॉली चालती ठेवायला एक ते दोन किलो वजन उचलण्याइतकाच जोर पुरतो. चाके लहान, गंजलेली, दोरे आणि केस अडकलेली असतील, तर हाच जोर कित्येक पटींनी वाढतो आणि ट्रॉली एका बाजूला ओढत राहते. ती सरळ ठेवताना कंबर वळते, आणि दुखापत तिथेच होते. म्हणून ओझ्यावरचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे वेळेवर बदललेली चाके.

उताराचे गणित वेगळे आहे. बारा फुटांमागे एक फूट चढणाऱ्या उतारावर शंभर किलोंची ट्रॉली चढवायला घर्षण सोडून आठ किलोंहून अधिक जोर सतत लावावा लागतो. उतरताना तेवढाच जोर मागे खेचून धरावा लागतो. मोटर आणि ब्रेक यांची खरी गरज इथे आहे, आणि ती फार मोठी नाही. दीडशे किलोंचे एकूण वजन अशा उतारावरून सावकाश, सेकंदाला अर्धा मीटर वेगाने चढवायला शंभर वॅटच्या आतबाहेर ताकद लागते. ई-सायकलच्या २५० वॅटच्या मोटरला हे जमते. तिचे सुटे भाग आणि मेकॅनिक आता जिल्ह्याच्या गावीही मिळतात. त्यामुळे आधी चांगली ट्रॉली, मग मोटर जोडलेली ट्रॉली, मग मागे चालणारी ट्रॉली आणि शेवटी एकटे फिरणारे यंत्र, अशी पायरीपायरीने वाट आहे. पहिल्या दोन पायऱ्या गाळून तिसरीवर उडी मारण्यात शहाणपण नाही.

पुढे कोण?

२०१५ मध्ये फेच रोबोटिक्स या कंपनीने गोदामातील कामगाराच्या मागे चालणारा ‘फ्रेट’ हा यंत्रमानव आणला. पुढच्या काळात मोठ्या गोदामांचा कल मात्र उलट दिशेने गेला. यंत्र पुढे जाते किंवा माल घेऊन माणसासमोर येते, आणि माणूस त्याच्या वेगाला जुळवून घेतो. ॲमेझॉनने २०१२ मध्ये ७७ कोटी ५० लाख डॉलर देऊन घेतलेल्या ‘किव्हा’ कंपनीची यंत्रे याच प्रकारची. यात कामगाराचे चालणे जवळजवळ संपते. मग दुखापती कमी व्हायला हव्यात.

‘रिव्हील’ या शोधपत्रकारिता संस्थेने २०२० मध्ये या कंपनीच्या १५० गोदामांतील २०१६ ते २०१९ या काळातील अंतर्गत नोंदी तपासल्या. यंत्रमानव असलेल्या गोदामांत गंभीर दुखापतींचे प्रमाण यंत्रमानव नसलेल्या गोदामांपेक्षा सुमारे ५० टक्क्यांनी अधिक आढळले. कंपनीने हा निष्कर्ष मान्य केला नाही. वैद्यकीयदृष्ट्या मात्र त्यात नवल नाही. चालणे थांबले, पण वाकणे, उचलणे, ठेवणे यांची तासाला होणारी आवर्तने वाढली. स्नायू आणि कंडरा यांना एका वेळचे वजन जितके इजा करते, तितकीच विश्रांतीशिवाय होणारी पुनरावृत्तीही करते. पूर्वी दोन वस्तूंच्या मधल्या चालण्यात पाठीला जी उसंत मिळे, तीही गेली.

मागे चालणाऱ्या यंत्राचा खरा गुण इथे दिसतो. वेग पुढचा माणूस ठरवतो. तो दमला की थांबतो, यंत्रही थांबते. रुग्णाने हाक मारली की परिचारिका वळते, यंत्र वाट पाहते. ओझे उतरते आणि ताबाही हातात राहतो. पण हा गुण यंत्राच्या रचनेत असला तरी व्यवस्थापनाने तो पाळला पाहिजे. यंत्रात प्रत्येक फेरीची नोंद होत असते. ‘कालपेक्षा आज फेऱ्या कमी का?’ असा प्रश्न त्या नोंदीवरून विचारला जाऊ लागला, की यंत्र मागे असूनही पुढचा माणूस हाकलला जातो. ‘आता यंत्र आहे, तर दोन मावशींचे काम एकीने करावे’ असा हिशेब झाला, तर पाठीचा जो फायदा मिळाला तो पायांवर वसूल होईल. हे यंत्र माणसाशिवाय चालतच नाही. त्यामुळे पदे न भरण्याचे कारण म्हणून ते दाखवता येणार नाही.

फरशीवर झोपलेला रुग्ण

ओझ्यासह शंभर किलो भरणारे यंत्र माणसाच्या सावकाश चालीने, सेकंदाला एक मीटर वेगाने जात असेल, तर त्याच्यातील गतिज ऊर्जा ५० ज्यूल असते. पाच किलोंची पिठाची पिशवी एक मीटर उंचीवरून पायावर पडावी, तेवढी ती भरते. धडधाकट माणूस कळवळून बाजूला होईल. वॉकर घेऊन चालणारी, हाडे ठिसूळ झालेली आजी पडेल. त्या वयात खुब्याचे हाड मोडणे जिवावर बेतू शकते. भरधाव पावले टाकणाऱ्या माणसामागे सेकंदाला १.२ मीटर वेगाने येणाऱ्या यंत्राला अडथळा ओळखून ब्रेक लागेपर्यंत ०.३ सेकंद गेले आणि ओझे पडू नये म्हणून ते बेताने थांबले, तरी साधारण एक मीटर अंतर जाते. वेगावर वरची मर्यादा आणि हाताला लागेल असे थांबवण्याचे मोठे लाल बटण या दोन गोष्टींत काटकसर करता येत नाही. वैयक्तिक सेवेतील यंत्रमानवांसाठी आयएसओ १३४८२ हे मानक २०१४ मध्ये आले आणि चालकविरहित औद्योगिक गाड्यांसाठी आयएसओ ३६९१-४ हे २०२० मध्ये. स्वस्त यंत्र बनवणाऱ्याने यांपैकी कशाचे पालन केले, हे खरेदीपूर्वी लेखी घ्यायला हवे.

परदेशी मोजपट्टीत न बसणारी एक गोष्ट आपल्या वॉर्डात रोज दिसते. खाटा भरल्या की रुग्ण दोन खाटांच्या मध्ये गादीवर झोपतात. रात्री व्हरांड्यात नातेवाईक पथारी टाकतात. नडगीच्या उंचीवर पाहणाऱ्या लायडारला फरशीवर पसरलेला हात दिसणारच नाही. उंचीनुसार अंतर मोजणारा कॅमेरा खाली रोखलेला नसेल, तर त्यालाही तो दिसेल याची खात्री नाही. ज्या यंत्राची चाचणी फरशीवर झोपलेल्या माणसासमोर झालेली नाही, ते आपल्या सरकारी रुग्णालयासाठी तयार झालेले नाही. ही चाचणी करायला पुतळा आणि चटई पुरे, फार खर्च येत नाही.

स्वच्छतेचेही तसेच. चाके एका वॉर्डातून दुसऱ्या वॉर्डात जंतू नेऊ शकतात. ती पुसायला हायपोक्लोराइट वापरले तर साधे लोखंड गंजते आणि सांध्यांतून पाणी आत शिरले तर विजेचे भाग बिघडतात. कॅमेरा असेल तर तो रुग्णांचे चेहरे पाहतो. वैयक्तिक विदा संरक्षणाचा २०२३ चा कायदा आणि त्याखालील नोव्हेंबर २०२५ मधील नियम यांच्या चौकटीत ही चित्रे कुठे साठतात आणि कधी पुसली जातात, हे ठरवावे लागेल. २०२२ मध्ये ‘टग’ यंत्रमानवांच्या संगणकप्रणालीत पाच त्रुटी उघड झाल्या. त्यांचा गैरफायदा घेऊन बाहेरच्या कोणाला यंत्रावर ताबा मिळवता आला असता. नंतर त्या दुरुस्त झाल्या. रेडिओ टॅगवर चालणारे, इंटरनेटला न जोडलेले साधे यंत्र या दोन्ही बाबतींत उजवे ठरते.

किमतीनंतरची किंमत

२०२० च्या करोनाकाळात जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात आणि केरळच्या एर्नाकुलम वैद्यकीय महाविद्यालयात यंत्रमानवांनी रुग्णांपर्यंत जेवण आणि औषधे पोहोचवली. मध्य रेल्वेच्या मुंबई विभागाने ‘रक्षक’ नावाचे यंत्र स्वतः तयार केले. तेव्हाचा हेतू संपर्क टाळणे हा होता आणि तो योग्यच होता. साथ ओसरल्यावर तो हेतू उरला नाही. संकटात घेतलेले यंत्र आणि रोजच्या कामासाठी घेतलेले यंत्र यांत हाच फरक असतो. दुसऱ्याला दहा वर्षे टिकावे लागते.

टिकण्याबाबत आपला अनुभव कडू आहे. २०१५ मध्ये राष्ट्रीय आरोग्य अभियानात उपकरणांच्या देखभालीचा कार्यक्रम सुरू झाला. त्यासाठी राज्यांतील २९ हजारांहून अधिक आरोग्य संस्थांमधील साडेसात लाखांवर उपकरणांची मोजणी झाली. तीत राज्याराज्यांत १३ ते ३४ टक्के उपकरणे नादुरुस्त निघाली. त्यांच्या शेजारी यंत्रमानव येऊन बसला, तर त्याचे नशीब वेगळे असण्याचे कारण नाही. आयरोबोटची दिवाळखोरी इथे धडा देते. कंपनी राहो वा न राहो, यंत्र चालू राहिले पाहिजे. त्यासाठी बॅटरी, मोटर आणि चाके बाजारात सहज मिळणारी हवीत, आतली संगणकप्रणाली खुली हवी आणि दुरुस्तीची पुस्तिका मराठीत हवी. मागे चालण्याची सोय बंद पडली, तरी ते हाताने ढकलता येणारी ट्रॉली म्हणून वापरता आले पाहिजे. ही शेवटची अट निविदेत घातली, तर बिघडलेले यंत्र कोपऱ्यात धूळ खात पडणार नाही.

अशी यंत्रे बनवणे महाराष्ट्राला अवघड नाही. पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, कोल्हापूर येथे वाहनांचे सुटे भाग बनवणारे लघुउद्योग आहेत, अभियांत्रिकी महाविद्यालयांत दरवर्षी माणसामागे चालणाऱ्या गाडीचे प्रकल्प होतात. त्या प्रकल्पांची चाचणी बहुधा प्रयोगशाळेच्या मोकळ्या फरशीवर होते. त्यांना एखाद्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचा खरा व्हरांडा, सकाळच्या अकराची ओपीडीची गर्दी, ओली फरशी आणि साडीतल्या मावशी यांच्यासमोर उभे करायला हवे. मोजायचे ते यंत्र किती वेळ मागे चालले हे नव्हे, तर सहा महिन्यांनी ते वापरणाऱ्यांची पाठदुखी कमी झाली का, आजारपणाच्या रजा घटल्या का, आणि कोणाला धक्का लागला का. हा अभ्यास करताना शेजारच्या वॉर्डाला नुसती चांगल्या चाकांची ट्रॉली द्यावी. दोन्हीकडचा निकाल सारखाच आला, तर ट्रॉली घ्यावी आणि उरलेल्या पैशांत रिकामी पदे भरावीत. यंत्राचा निकाल स्पष्ट सरस ठरला, तर ते घ्यायला संकोच नको. कक्षसेवकाचा कणा तेवढ्या मोलाचा नक्कीच आहे.